माइंड अपलोडिंग

माइंड अपलोडिंग किंवा मनाचे प्रतिलेखन म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या मेंदूत साठलेल्या आठवणी, सवयी, कौशल्ये, स्वभावविशेष आणि शक्य झाल्यास तिची जाणीवही नोंदवून घेऊन ती संगणकासारख्या दुसऱ्या माध्यमात पुन्हा चालवण्याची कल्पना होय. आजवर माणसाच्याच काय, कोणत्याही प्राण्याच्या मनाचे असे प्रतिलेखन झालेले नाही. मात्र या कल्पनेच्या निरनिराळ्या अंगांवर मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि कायदा या क्षेत्रांत गंभीर संशोधन व चर्चा चालू आहे.

या विषयावरील चर्चेत तीन वेगळे प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न नोंदीचा आहे: आठवण मेंदूत कोणत्या भौतिक स्वरूपात असते आणि ते स्वरूप वाचता येईल का? दुसरा प्रश्न चालवण्याचा आहे: अशी नोंद हाती आली तर तिच्यातून विचार करणारी, अनुभवणारी व्यवस्था उभी राहील का? तिसरा प्रश्न ओळखीचा आहे: ती व्यवस्था म्हणजे तीच व्यक्ती असेल, की तिच्यासारखी दुसरी कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधता येते. दुसऱ्याचे अंशतःच शोधता येते. तिसऱ्याचे प्रयोगाने शोधता येईल असे दिसत नाही.

संज्ञा आणि कल्पनेचा इतिहास

वैज्ञानिक लेखनात 'माइंड अपलोडिंग'ऐवजी 'संपूर्ण मेंदूचे अनुकरण' ही अधिक काटेकोर संज्ञा वापरली जाते. पहिल्या संज्ञेत मन ही जणू एखादी फाइल आहे असे गृहीत धरलेले आहे. दुसरी संज्ञा फक्त एवढेच सांगते की, मेंदूची यंत्रणा पुरेशा बारकाव्याने दुसरीकडे उभी करायची.

शरीरापासून मेंदू वेगळा करून तो यंत्रांना जोडण्याची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९२९ मध्ये मांडली होती. यंत्रमानवशास्त्राचे अभ्यासक हान्स मोरावेक यांनी १९८८ च्या 'माइंड चिल्ड्रन' या पुस्तकात एका काल्पनिक शस्त्रक्रियेचे वर्णन केले. त्यात यंत्र-शल्यचिकित्सक जागृत रुग्णाच्या मेंदूचा एकेक थर संगणकीय प्रतिरूपाने बदलत जातो आणि रुग्णाला कोणताही खंड जाणवत नाही. २००८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील अँडर्स सँडबर्ग आणि निक बोस्ट्रॉम यांनी या विषयाचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध केला. मेंदूचे क्रमवीक्षण करणे, त्या प्रतिमांचा अर्थ लावून प्रतिरूप तयार करणे आणि ते प्रतिरूप चालवणे असे तीन टप्पे त्यांनी कल्पिले. पुढील बहुतेक चर्चा याच चौकटीत झाली. यांपैकी पहिल्या टप्प्यातील प्रगतीची वार्ता सर्वाधिक होते. खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे.

आठवण म्हणजे काय

मेंदूत आयुष्यभराच्या घटनांची अखंड फीत साठलेली असते हा समज जुना आणि लोकप्रिय आहे. त्याला सर्वांत मोठे बळ मिळाले ते माँट्रियल येथील मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांच्या निरीक्षणांमुळे. अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ते केवळ स्थानिक भूल देत आणि उघड्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाहाने स्पर्श करत. कानशिलामागील खंड अशा रीतीने उद्दीपित केल्यावर काही रुग्णांना ओळखीचे आवाज, गाणी किंवा जुने प्रसंग जिवंतपणे अनुभवास येत. त्यावरून मेंदू अनुभवांची संपूर्ण नोंद ठेवतो असे पेनफील्ड यांना वाटले. परंतु १९६३ मध्ये त्यांनी आणि फानोर पेरो यांनी प्रसिद्ध केलेल्या तपशिलानुसार या खंडाचे उद्दीपन केलेल्या ५२० रुग्णांपैकी असा अनुभव केवळ ४० जणांना आला होता. शिवाय ते अनुभव खऱ्या घटनांच्या आठवणी होत्या, की त्या क्षणी रचली गेलेली स्वप्नवत दृश्ये, हेही बहुतेक वेळा तपासता आले नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच याच्या उलट मत मांडले होते. अपरिचित संस्कृतीतील एक कथा वाचायला देऊन ती काही काळाने सांगायला लावली असता वाचक तिच्यातील न पटणारे तपशील गाळतात, बदलतात आणि आपल्या समजुतींनुसार ती पुन्हा रचतात, असे त्यांना आढळले. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ पासून केलेल्या प्रयोगांतून दिसले की, प्रश्न विचारताना योजलेल्या एखाद्या क्रियापदानेही साक्षीदाराची आठवण बदलू शकते.

आठवणीच्या भौतिक खुणेला 'एनग्राम' हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड झेमोन यांनी १९०४ मध्ये दिले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी उंदरांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचे वेगवेगळे भाग काढून ही खूण शोधण्यात अनेक वर्षे घालवली. १९५० मध्ये त्यांनी कबूल केले की, ती कोणत्याही एका जागी सापडत नाही. त्याआधी एक वर्ष डोनाल्ड हेब यांनी आजही पायाभूत मानला जाणारा विचार मांडला होता: ज्या चेतापेशी वारंवार एकत्र उद्दीपित होतात त्यांच्यातील जोड बळकट होतात आणि आठवण या जोडांच्या जाळ्यात राहते. चेतापेशींमधील या जोडांना सिनॅप्स किंवा चेतासंधी म्हणतात. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतासंधी दीर्घकाळ बळकट झाल्याचा पुरावा दिला. एरिक कँडेल यांनी सागरी गोगलगाईवर काम करून शिकण्यामागील रेणवीय प्रक्रिया उलगडली. त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दीर्घकालीन आठवण केवळ चालू विद्युत्क्रियेत नसून रचनेत असते, याचा एक पुरावा शस्त्रक्रियागृहातून मिळतो. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचे शरीर अतिशय थंड करून रक्ताभिसरण काही काळ थांबवले जाते. त्या अवधीत मेंदूची विद्युत्क्रिया यंत्रावर दिसेनाशी होते. तरीही शुद्धीवर आलेला रुग्ण आपले नाव, घर आणि माणसे विसरलेला नसतो. मनाची नोंद करता येईल असे मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार आहे, कारण थांबलेल्या मेंदूतही आठवण टिकत असेल तर ती तत्त्वतः स्थिर प्रतिमेत पकडता यायला हवी.

कोणत्या पेशींत एखादी आठवण आहे हे ओळखून ती कृत्रिमरीत्या जागवण्याचे काम सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदीर एका पेटीत असताना सक्रिय झालेल्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी चिन्हांकित करण्यात आल्या. नंतर दुसऱ्या पेटीत प्रकाशाने त्याच पेशी उद्दीपित करत उंदराच्या पायांना सौम्य विजेचा धक्का देण्यात आला. पहिल्या पेटीत परत ठेवल्यावर, तेथे कधीही धक्का बसलेला नसताना, उंदीर भीतीने थिजला. या प्रयोगाचे वर्णन अनेकदा 'आठवण रोवली' असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. संशोधकांना त्या पेशी म्हणजे कोणती पेटी हे ठाऊक होते ते उंदीर त्या पेटीत असतानाच पेशींवर खूण केल्यामुळे. अनोळखी उंदराचा मेंदू पाहून त्याने काय अनुभवले आहे हे वाचणे त्यांना शक्य नव्हते, आणि आजही कोणाला शक्य नाही.

आणखी एक गुंतागुंत २००० मध्ये करीम नाडेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांच्या प्रयोगाने पुढे आली. उंदराला विशिष्ट ध्वनीची भीती शिकवल्यानंतर तो ध्वनी पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले, तर ती भीती नाहीशी होत असे. ध्वनी न ऐकवता दिलेल्या औषधाचा असा परिणाम होत नसे. याचा अर्थ असा लावला गेला की, आठवण जागी होते तेव्हा ती काही काळ अस्थिर होते आणि पुन्हा घडवून ठेवावी लागते. आठवणे हे वाचणेही आहे आणि लिहिणेही. त्यामुळे 'मूळ आठवणीची हुबेहूब प्रत' या शब्दप्रयोगातील 'मूळ' म्हणजे नेमके कोणत्या दिवसाचे, हा प्रश्न उरतोच.

आठवण एखाद्या रसायनासारखी काढून दुसऱ्याला देता येईल, असेही दावे झाले. १९६० च्या दशकात जेम्स मॅकॉनेल यांनी शिकवलेल्या प्लॅनेरिया कृमींचे तुकडे न शिकवलेल्या कृमींना खाऊ घालून शिक्षण संक्रमित होते असे म्हटले. इतरांना ते निष्कर्ष भरवशाने पुन्हा मिळाले नाहीत. २०१८ मध्ये डेव्हिड ग्लांझमन यांच्या गटाने सागरी गोगलगाईंमध्ये आरएनए टोचून संवेदनशीलता संक्रमित झाल्याचे दाखवले. तथापि धक्क्याला अधिक तीव्र प्रतिसाद देणे आणि एखादा प्रसंग आठवणे यांत मोठे अंतर आहे.

मेंदूचे जोडणी-नकाशे

एखाद्या मज्जासंस्थेतील सर्व पेशी आणि त्यांच्यातील सर्व जोड यांच्या नकाशाला कनेक्टोम म्हणतात. पहिला जवळजवळ संपूर्ण कनेक्टोम सीनोर्‍हॅब्डायटिस एलेगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचा होता. जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट, निकोल थॉमसन आणि सिडनी ब्रेनर यांनी तो एका दशकाहून अधिक काळ खपून १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. या कृमीच्या उभयलिंगी नमुन्यात केवळ ३०२ चेतापेशी असतात.

माणसाच्या मनाची नोंद करण्याविषयीच्या कोणत्याही दाव्याची कसोटी प्रथम या कृमीवर पाहावी, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. हा कृमी ज्या तापमानात अन्न खाऊन वाढला ते तापमान लक्षात ठेवतो आणि नंतर त्याच तापमानाकडे सरकतो. १५ अंश सेल्सियसला वाढलेला कृमी आणि २० अंशांना वाढलेला कृमी यांपैकी कोणता कोण, हे १९८६ च्या नकाशावरून सांगता येत नाही. या आठवणीचा मोठा भाग एएफडी नावाच्या चेतापेशींच्या एका जोडीत, पेशींच्या आतील रेणवीय बदलांत असतो आणि तारांच्या आराखड्यात तो उमटत नाही. २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी या कृमीच्या चेतापेशी एकेक करून उद्दीपित केल्या आणि संकेत कसा पसरतो ते मोजले. नकाशावरून वर्तवलेला प्रसार आणि प्रत्यक्ष प्रसार यांत लक्षणीय फरक आढळला. काही पेशी चेतासंधीविना, पेशीबाहेर सोडलेल्या पेप्टाइड रेणूंद्वारे एकमेकींशी संवाद साधत होत्या. या कृमीचे संगणकीय अनुकरण करण्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेला 'ओपनवर्म' हा मुक्त प्रकल्प अजून पूर्णत्वास गेलेला नाही.

त्यानंतरचे नकाशे आकाराने झपाट्याने वाढत गेले. २०२३ मध्ये फळमाशीच्या अळीच्या मेंदूचा नकाशा आला. त्यात ३,०१६ चेतापेशी आणि सुमारे ५,४८,००० चेतासंधी होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक चेतासंधी आहेत. त्यासाठी संगणकाने ओळखलेल्या पेशींच्या आकृत्या शेकडो लोकांनी हाताने तपासून दुरुस्त केल्या, त्यांत हौशी स्वयंसेवकही होते. याच नकाशावर आधारलेल्या एका साध्या संगणकीय प्रतिरूपाने चव घेणे व अंग साफ करणे यांत भाग घेणाऱ्या काही पेशी अचूक वर्तवल्या. नकाशातून वर्तनाकडे जाता येते याचा हा आजवरचा सर्वांत आश्वासक दाखला आहे. पण त्यातून मिळाले ते माशी या जातीचे सर्वसाधारण वर्तन. त्या विशिष्ट माशीने आयुष्यात काय अनुभवले, हे त्या प्रतिरूपाला माहीत नाही.

मानवी मेंदूबाबत प्रमाण एकदम बदलते. हार्वर्ड विद्यापीठातील जेफ लिक्टमन यांचा गट आणि गूगल यांनी २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर ऊतीचा नकाशा प्रसिद्ध केला. ही ऊती अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढलेली होती. तिच्यात सुमारे ५७,००० पेशी आणि सुमारे १५ कोटी चेतासंधी आढळल्या आणि तिच्या प्रतिमांनी १.४ पेटाबाइट जागा व्यापली. मानवी मेंदूचे आकारमान ढोबळमानाने १२ लाख घन मिलिमीटर धरले, तर याच बारकाव्याने संपूर्ण मेंदू टिपण्यास सुमारे १.७ झेटाबाइट, म्हणजे जवळपास १७ लाख पेटाबाइट साठवण लागेल. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात.

रचना आणि क्रिया यांची एकत्रित नोंद करण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील 'मायक्रॉन्स' प्रकल्प होय. त्यात जिवंत उंदराला चित्रफिती दाखवून दृष्टिकेंद्रातील सुमारे ७५,००० चेतापेशींची क्रिया नोंदवण्यात आली आणि नंतर त्याच घन मिलिमीटरचे काप घेऊन ५२ कोटींहून अधिक चेतासंधींचा नकाशा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये नेमक्या अशाच नोंदीचे उदाहरण अशक्य कोटीतील मागणी म्हणून दिले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशक्य ठरवलेल्या गोष्टींच्या यादीवर फार विसंबू नये असे या इतिहासावरून वाटते. मात्र घन मिलिमीटर मिळाला म्हणून मेंदू मिळाला असेही होत नाही.

भारतात चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशासंग्रह खुला केला. त्यात ५,१३२ कापांच्या प्रतिमा आहेत. हा संग्रह पेशींच्या पातळीवरचा आहे. चेतासंधी दाखवणे हा त्याचा हेतू नाही.

हेन्री मोलायसन यांचा मेंदू

नोंद आणि आठवण यांतील फरक एका रुग्णाच्या इतिहासात ठळकपणे दिसतो. हेन्री मोलायसन हे हयात असेपर्यंत वैज्ञानिक साहित्यात केवळ 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखले जात. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवे प्रसंग लक्षात राहीनासे झाले. बालपणीच्या आठवणी बऱ्याच अंशी शाबूत होत्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला शिकवले, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. परंतु हे आपण पूर्वी केले आहे हे त्यांना एकदाही आठवले नाही. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, ही समज मुख्यतः या अभ्यासातून आली. मनाची नोंद घेताना 'स्मृती' नावाचा एकच कप्पा शोधून भागणार नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

मोलायसन यांचे २००८ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी सॅन डिएगो येथे त्यांच्या गोठवलेल्या मेंदूचे ५३ तासांत २,४०१ काप करण्यात आले. हजारो लोकांनी ते इंटरनेटवर थेट पाहिले. हे काप ७० मायक्रोमीटर जाडीचे होते. चेतासंधी दिसण्यासाठी सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे काप लागतात, म्हणजे दोन हजार पटींहून अधिक पातळ. इतिहासात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या या मेंदूची त्रिमितीय प्रतिमा आज उपलब्ध आहे. तिच्यावरून शस्त्रक्रियेत नेमके काय काढले गेले ते समजते. मोलायसन यांना त्यांच्या बालपणातले काय आठवत होते ते समजत नाही.

जिवंत मेंदूचे वाचन

मेंदू न कापता त्याची क्रिया वाचण्याच्या पद्धती वेगळ्या वाटेने पुढे गेल्या आहेत. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातील जेरी टँग आणि अलेक्झांडर हूथ यांच्या गटाने एफएमआरआयच्या आधारे, व्यक्ती ऐकत असलेल्या किंवा मनात सांगत असलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत उतरवणारी प्रणाली मांडली. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला यंत्रात सुमारे १६ तास गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकीवर तयार केलेली प्रणाली दुसरीवर चालली नाही आणि व्यक्तीने मुद्दाम प्राण्यांची नावे मनात घेतल्यास ती फसली. यात वाचला जातो तो चालू विचार. साठलेली पण त्या क्षणी न जागलेली आठवण या मार्गाने दिसत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेतील वेक फॉरेस्ट येथील संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांमध्ये, चित्र नीट लक्षात राहिले तेव्हाचे हिप्पोकॅम्पसमधील संकेत नोंदवून त्यांवरून बेतलेले उद्दीपन त्याच रुग्णांना दिले. त्यांची अल्पकालीन स्मरणक्षमता सुमारे एकतृतीयांशाने सुधारली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी या दिशेचे महत्त्व मोठे आहे आणि मनाच्या प्रतिलेखनाचे स्वप्न दूर ठेवूनही हे संशोधन आपल्या पायांवर उभे राहते.

चालते अनुकरण

लोझान येथे हेन्री मार्क्रम यांनी २००५ मध्ये 'ब्लू ब्रेन' प्रकल्प सुरू केला. २००९ मध्ये त्यांनी दहा वर्षांत मानवी मेंदूचे अनुकरण शक्य होईल असे जाहीरपणे सांगितले. २०१५ मध्ये या गटाने उंदराच्या मेंदूतील सुमारे ३१,००० चेतापेशींचे प्रतिरूप प्रसिद्ध केले. युरोपीय संघाच्या 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट'ला २०१३ मध्ये आरंभ झाला. पुढच्याच वर्षी शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच्या दिशेवर खुल्या पत्राद्वारे टीका केली आणि प्रकल्पाची पुनर्रचना झाली. तो २०२३ मध्ये संपला. त्यातून नकाशे, संगणकीय साधने आणि माहितीसंच मिळाले, मानवी मेंदूचे अनुकरण मिळाले नाही.

जाणिवेचा प्रश्न

समजा, सर्व रचना टिपली आणि ती संगणकावर चालू लागली, तर तिला काही जाणवेल का? डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला जाणिवेचा 'कठीण प्रश्न' म्हटले: मेंदूतील प्रत्येक क्रियेचे स्पष्टीकरण देता आले तरी त्या क्रियेसोबत अनुभव का असतो, हे त्यातून निघत नाही. कार्यवादी तत्त्वज्ञांच्या मते मन म्हणजे घटकांमधील कार्यसंबंधांची रचना. ती सिलिकॉनवर उभी राहिली तर मनही उभे राहील. जॉन सर्ल यांचे उत्तर असे की, वादळाच्या संगणकीय अनुकरणाने कोणी भिजत नाही, तसे मेंदूच्या अनुकरणाने कोणाला जाणीव येत नाही. यावर कार्यवादी विचारतात की, गणिताचे अनुकरण मात्र गणितच असते. मग मन वादळासारखे की गणितासारखे?

ज्युलिओ तोनोनी यांच्या एकात्मिक माहिती सिद्धांतानुसार जाणीव ही यंत्रणेच्या भौतिक कार्यकारण-रचनेवर अवलंबून असते. त्यामुळे नेहमीच्या संगणकावर मेंदूचे कितीही अचूक अनुकरण केले तरी ते जाणीवरहितच राहील. बर्नार्ड बार्स आणि पुढे स्तानिस्लास दहान यांनी विकसित केलेल्या व्यापक कार्यपीठ सिद्धांतातून उलट निष्कर्ष निघू शकतो. या दोन सिद्धांतांची समोरासमोर कसोटी घेणाऱ्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालेत दोघांचीही काही भाकिते चुकली. क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की, २५ वर्षांत जाणिवेची स्पष्ट मेंदूगत खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यू यॉर्क येथील परिषदेत कॉख यांनी हार मान्य करून पैजेची वाइन चाल्मर्स यांना दिली.

रॉजर पेनरोज आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ यांनी जाणीव पुंजयामिकीय प्रक्रियांवर आधारलेली असल्याचे मांडले. तसे असल्यास प्रत काढणे तत्त्वतःच अडेल, कारण अज्ञात पुंज-अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. बहुसंख्य मेंदूशास्त्रज्ञ मात्र हा सिद्धांत स्वीकारत नाहीत.

प्रत आणि व्यक्ती

जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस व्यक्तीची एकता जाणिवेच्या व आठवणीच्या सातत्यात शोधली. या मतानुसार माझ्या सर्व आठवणी असलेली प्रत 'मी'च ठरेल. बर्नार्ड विल्यम्स यांनी विसाव्या शतकात त्यावर अडचण उभी केली: अशा दोन प्रती काढल्या तर? दोघी माझ्याशी एकरूप असतील तर त्या एकमेकींशीही एकरूप असायला हव्यात. पण त्या तर दोन आहेत. डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात काल्पनिक दूरप्रेषण यंत्राचा दाखला घेऊन निष्कर्ष काढला की, 'ती प्रत मीच का?' या प्रश्नाला नेहमीच निश्चित उत्तर असेल असे नाही आणि महत्त्व एकतेला नसून मानसिक सातत्याला आहे. आपले मत बुद्धाच्या मताशी जुळते असे त्यांनी त्या ग्रंथाच्या परिशिष्टात नमूद केले.

भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आहे आणि तोही स्मृतीवरच बेतलेला आहे. न्यायदर्शनाचा युक्तिवाद असा की, ज्याने पाहिले त्यालाच आठवते. म्हणून पाहणारा आणि आठवणारा एकच स्थिर आत्मा मानावा लागतो. बौद्धांनी स्थिर आत्मा नाकारून क्षणांचा प्रवाह मानला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे आणि अगदी वेगळीही नव्हे. त्याच ग्रंथात आंबे चोरणारा म्हणतो की, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. तरी त्याला दोषी धरले जाते, कारण दुसरे पहिल्यापासूनच आले. प्रतीने मूळ व्यक्तीची कर्जे, वचने आणि गुन्हे वाहावेत का, या आजच्या प्रश्नाला हा दृष्टान्त थेट भिडतो. चार्वाकांनी जाणीव ही भूतांच्या विशिष्ट संयोगातून उपजते असे मानले. त्या मताप्रमाणे तोच संयोग पुन्हा घडवला तर जाणीवही पुन्हा उपजावी. मात्र वेगळ्या द्रव्यांतून उपजेल का, हे त्यातून ठरत नाही.

मोरावेक यांच्या शस्त्रक्रियेसारख्या क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलात ही अडचण सौम्य वाटते, कारण कोणत्याही क्षणी दोन व्यक्ती नसतात. पण क्रमिक बदलाचा शेवट आणि एकदम काढलेली प्रत भौतिकदृष्ट्या सारखीच असू शकतात. मग फरक वस्तूत आहे की आपल्याला मिळणाऱ्या दिलाशात, हे सांगणे कठीण होते.

मेंदूचे जतन

भविष्यात वाचता येईल या आशेने मेंदू जतन करण्याचे प्रयत्न १९६७ पासून चालू आहेत. त्या वर्षी जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकाचा देह मृत्यूनंतर गोठवण्यात आला. ग्लुटाराल्डिहाइडने ऊती स्थिर करून मग अतिशीत तापमानाला ठेवण्याच्या नव्या पद्धतीने २०१६ मध्ये सशाचा आणि २०१८ मध्ये डुकराचा मेंदू चेतासंधींसह टिकवण्यात आला. या रसायनाने पेशी कायमच्या मरतात. त्यामुळे येथे पुनरुज्जीवन नव्हे, तर फक्त वाचन अपेक्षित आहे. २०१८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मरणासन्न व्यक्तींवर, त्या जिवंत असतानाच, ही प्रक्रिया करण्याचा मानस जाहीर केला आणि इच्छुकांकडून अनामत रक्कम घेतली. टीकेनंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिच्याशी असलेला संबंध संपवला. भारतात अशी प्रक्रिया बेकायदेशीर ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली ती केवळ निष्क्रिय इच्छामरणाला.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१२ मेंदूशास्त्रज्ञांच्या सर्वेक्षणात सुमारे ७० टक्के जणांनी दीर्घकालीन आठवणी मुख्यतः टिकाऊ रचनेत असतात असे मत दिले. उत्तम रीतीने जतन केलेल्या मेंदूतून आठवणी काढता येण्याची शक्यता किती, या प्रश्नाला मिळालेल्या अंदाजांचे मध्यमान सुमारे ४० टक्के होते. हा तज्ज्ञांच्या अपेक्षेचा आकडा आहे, प्रयोगाचा नव्हे. जाहिरातींत तो तसाच वाचला जाईल याची खात्री नाही.

व्यक्तीची डिजिटल प्रतिमा

मृत व्यक्तीचे संदेश, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांवरून तिच्यासारखे बोलणारी संभाषण-प्रणाली तयार करणे आज शक्य आहे आणि अनेकदा तिलाही 'मनाची प्रत' म्हटले जाते. गॉर्डन बेल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना 'मायलाइफबिट्स' या प्रकल्पात स्वतःची पत्रे, कागदपत्रे, छायाचित्रे आणि दूरध्वनी संभाषणे साठवली होती. अशा संग्रहात व्यक्तीने बाहेर व्यक्त केलेलेच येते. जे सांगितले नाही, लिहिले नाही किंवा स्वतःलाही उमगले नाही, ते त्यात नसते. या प्रणालींचा मेंदूच्या अनुकरणाशी तांत्रिक संबंध नाही. शोकाकुल नातेवाइकांवर होणाऱ्या परिणामांमुळे त्यांचे नैतिक प्रश्न मात्र अधिक निकडीचे आहेत.

कायदा

चिलीने २०२१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून मेंदूतील क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, डोक्यावर घालायच्या एका उपकरणाने गोळा केलेली मेंदूविषयक माहिती काढून टाकण्याचा आदेश दिला. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मेंदूतील माहितीचा स्वतंत्र उल्लेख नाही. मृत्यूनंतर किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याची तरतूद त्यात आहे. प्रत स्वतःच हक्क मागू लागली, तर तिला माहिती समजायचे की माहितीची धनी, याचे उत्तर आजच्या कोणत्याही कायद्यात नाही.

साहित्य आणि चित्रपट

ग्रेग ईगन यांची 'पर्म्युटेशन सिटी' ही १९९४ मधील कादंबरी या विषयावरील सर्वांत काटेकोर ललितकृतींपैकी मानली जाते. तिच्यात संगणकावर चालणाऱ्या प्रतींना स्वतःच्या अस्तित्वाचा प्रश्न पडतो. 'ट्रान्सेंडन्स' हा २०१४ चा चित्रपट, 'ब्लॅक मिरर' मालिकेतील 'सान जुनिपेरो' हा २०१६ चा भाग आणि २०२० मध्ये सुरू झालेली 'अपलोड' ही मालिका यांनी ही कल्पना सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत नेली. या कलाकृतींत नोंद घेण्याची क्रिया बहुधा काही क्षणांत उरकते आणि कथा त्यानंतर सुरू होते.